ब्रॉड्सवर बोट आहे, पण आपलं म्हणणं मांडायचं कुठे?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक आणि सफोक या काउंट्यांमध्ये ब्रॉड्स हा नद्यांचा आणि उथळ तळ्यांचा प्रदेश आहे. ब्यूर, अँट, थर्न, येअर, चेट आणि वेव्हनी या इथल्या मुख्य नद्या, आणि सुमारे 200 किलोमीटरचा जलमार्ग. हा सगळा भाग संरक्षित आहे. तिथे स्वतःची छोटी बोट ठेवणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत. शेवटचा प्रश्न साताऱ्याहून आला आहे.

प्रश्न (नॉरिच): आम्ही दर वर्षी ब्रॉड्स प्राधिकरणाला बोटीचा टोल भरतो. वर पुन्हा बोटमालकांच्या संघटनेची वर्गणी कशासाठी भरायची? टोल भरला की आमचं ऐकून घेणं हे प्राधिकरणाचं कामच नाही का?

उत्तर: ऐकून घेणं हे त्यांचं काम आहेच, आणि ते कायद्यात लिहिलेलं आहे. पण ते कोणामार्फत ऐकायचं हेही कायद्यानेच ठरवून दिलं आहे, म्हणून आधी रचना समजून घ्या.

1988 च्या नॉरफोक अँड सफोक ब्रॉड्स कायद्याने ब्रॉड्स प्राधिकरण उभं राहिलं आणि 1989 च्या एप्रिलपासून ते काम करू लागलं. कायद्याने त्याला तीन उद्दिष्टं दिली: निसर्गसौंदर्य, वन्यजीवन आणि सांस्कृतिक वारसा जपणं व वाढवणं, लोकांना या भागाची ओळख आणि आनंद मिळेल अशी संधी देणं, आणि नौकानयनाच्या हिताचं रक्षण करणं. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय उद्यानांना पहिली दोन उद्दिष्टं असतात. तिसरं फक्त ब्रॉड्सला आहे. बोटवाल्यांच्या हातातलं सगळ्यात मोठं शस्त्र हेच, आणि पत्रव्यवहारात ते फार थोडे लोक वापरतात.

प्राधिकरणावर 21 सदस्य असतात. त्याखाली 13 जणांची नौकानयन समिती असते: 5 प्राधिकरणाचे सदस्य आणि 8 बाहेरून घेतलेले. या आठांत खासगी बोटमालकांची बाजू जाणणारे असतात, तसेच बोटी भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांचेही. नेमणूक प्राधिकरण करतं, पण बोटवाल्यांच्या संघटनांशी सल्लामसलत करून. या आठांतले दोघे पुढे प्राधिकरणावरही बसतात. टोलचे दर ठरवण्याआधी या समितीचं मत घेणं बंधनकारक आहे. मत मानायचं बंधन मात्र नाही, आणि हा फरक विसरून चालत नाही.

आता संघटनेचं काम. नॉरफोक अँड सफोक बोटिंग असोसिएशन ही इथल्या क्लबांची आणि खासगी बोटमालकांची छत्रसंघटना. देशपातळीवर रॉयल यॉटिंग असोसिएशन आहे, ती 1875 पासूनची. गाळाचा आराखडा, नियमावलीतले बदल, काठावरची बांधकामं, पुलांची दुरुस्ती या सगळ्यांचे कागद वर्षभर येत असतात. नोकरी सांभाळून एकट्याने ते वाचणं आणि मुदतीत उत्तर देणं जमत नाही. समितीवर कोण जावं हे विचारलं जातं तेव्हाही विचारणा संघटनेकडे होते, सुट्या बोटमालकाकडे नाही. तुमच्या क्लबची सामूहिक सदस्यता असेल तर तुमचं म्हणणं क्लबमार्फत आधीच जाऊ शकतं. वर्गणी भरण्याआधी क्लबच्या सचिवांना तेवढं विचारून घ्या.

प्रश्न (लेस्टर): पाट्यांवर आणि जाहिरातींत 'ब्रॉड्स नॅशनल पार्क' असं लिहिलेलं दिसतं. राष्ट्रीय उद्यान झालं की बोटी बंद होणार, असं धक्क्यावर ऐकलं. खरं काय?

उत्तर: नाव जाहिरातीपुरतं आहे, कायद्याने दर्जा बदललेला नाही.

धक्क्यावरच्या भीतीला कारण आहे. राष्ट्रीय उद्यानांत सँडफर्ड तत्त्व लागू असतं. 1974 च्या समितीने ते सुचवलं आणि 1995 च्या पर्यावरण कायद्याने ते पक्कं केलं. निसर्गसंवर्धन आणि लोकांचा आनंद यांच्यात मेळ बसतच नसेल तर संवर्धनाला जास्त वजन द्यायचं, असं ते सांगतं. ब्रॉड्सच्या कायद्यात तिन्ही उद्दिष्टांची अशी उतरंड नाही. 2015 मध्ये प्राधिकरणाने हे नाव प्रसिद्धीसाठी वापरायचं ठरवलं, त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि 2016 मध्ये उच्च न्यायालयाने ते आव्हान फेटाळलं. नाव राहिलं. सँडफर्ड तत्त्व मात्र त्यामुळे लागू झालं नाही.

आमच्या मते बोटवाल्यांनी नावाच्या वादात शक्ती घालवू नये. प्रत्यक्षात हात बांधतात ते 2017 चे अधिवासविषयक नियम. ब्रॉड्सचा मोठा भाग विशेष संरक्षित अधिवास आणि पक्षिक्षेत्र म्हणून नोंदलेला आहे. तिथे गाळ काढणं, पाणवनस्पती कापणं, नवा धक्का बांधणं असं काहीही करताना अधिवासावर लक्षणीय परिणाम होण्याची शक्यता असेल तर आधी मूल्यमापन करावं लागतं आणि नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेचा सल्ला घ्यावा लागतो. पाटीवरचं नाव उद्या काढलं तरी हे नियम तसेच राहतील. म्हणून मागणी करतानाच ती या मूल्यमापनातून पार पडेल अशी मांडायची.

प्रश्न (नॉरिचजवळच्या गावातून): जुलैमध्ये हिकलिंग ब्रॉडवर आमच्या बोटीच्या पंख्यात पाणवनस्पती अडकून इंजिन तापलं. तक्रार केली तर 'नोंद घेतली' एवढंच उत्तर आलं. सगळं तळं साफ करा अशी सह्यांची मोहीम काढावी का?

उत्तर: सह्यांची मोहीम काढू नका. 'सगळं तळं साफ करा' या मागणीला नकार ठरलेलाच आहे, आणि तो नकार योग्यही आहे.

ही तळी मुळात मध्ययुगात इंधनासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणून झालेले खड्डे आहेत. 1950 च्या दशकात जॉइस लँबर्ट यांच्या संशोधनाने ते दाखवून दिलं. त्यामुळे ती उथळ आहेत आणि लवकर भरतात. विसाव्या शतकात सांडपाण्यातला फॉस्फरस आणि शेतातली खतं पाण्यात उतरली, सूक्ष्म शेवाळ माजलं, पाणी हिरवं-तपकिरी झालं आणि तळाच्या वनस्पती बहुतेक ठिकाणी नाहीशा झाल्या. ज्या मोजक्या जागी त्या परत आल्या तिथे पाणी नितळ आहे, कारण मुळं गाळ धरून ठेवतात. त्या मुळासकट उपटल्या तर गाळ ढवळतो, पाणी पुन्हा गढूळ होतं आणि तळ आणखी भरतो. तोटा शेवटी बोटीचाच. शिवाय हिकलिंगमध्ये स्टोनवर्ट या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीच्या दुर्मीळ जाती आणि हॉली-लीव्ह्ड नायड ही संरक्षित वनस्पती आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे स्टोनवर्ट एवढं माजलं होतं की शिडाच्या बोटी अडू लागल्या, आणि किती कापायचं यावर बोटवाले आणि संवर्धनवाले यांच्यात बराच वाद झाला. मार्ग निघतो तो खुणेच्या खांबांमधल्या वाटेत मर्यादित कापणी करण्याचाच.

मागणी करायची ती अमुक दोन खांबांमधल्या, अमुक रुंदीच्या पट्ट्याची. त्यासाठी नोंद अशी हवी की अभियंत्याला ती सरळ वापरता येईल.

तारीख आणि वेळ लिहा. सगळ्यात जवळचे दोन खांब आणि त्यांवर क्रमांक असेल तर तो लिहा. तुमच्या बोटीचा डुबाव, म्हणजे ती पाण्यात किती खोल बुडते ते, सेंटीमीटरमध्ये द्या. त्या दिवशी पॉटर हेगम पुलाखाली किती जागा होती हे तिथल्या फलकावरून वाचून लिहून ठेवा. हा आकडा बहुतेक जण सोडून देतात, आणि नोंद तिथेच निकामी होते. हिकलिंगवर भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा असतो, पण वाऱ्याने आणि समुद्राकडून चढलेल्या पाण्याने पातळी बरीच बदलते. पुलाखालची जागा जास्त म्हणजे पाणी खाली. हा आकडा असला तर तुमची खोली सरासरी पातळीला जुळवून घेता येते. नसेल तर 'त्या दिवशी पाणी कमी होतं' एवढं म्हणून कागद बाजूला ठेवता येतो.

खोली मोजायला क्वांट, म्हणजे बोट ढकलायची लांब काठी, चालते. तिच्यावर दर 10 सेंटीमीटरला रंगीत चिकटपट्टीची खूण करा. नुसती काठी टोचली तर ती मऊ गाळात घुसते आणि खोली आहे त्याहून जास्त दिसते. म्हणून टोकाला साधारण 15 सेंटीमीटर व्यासाची लाकडी चकती घट्ट बसवून पहिलं माप घ्या. चकती गाळाच्या वरच टेकते. मग चकती काढून काठी कडक तळापर्यंत दाबा आणि दुसरं माप घ्या. दोहोंतला फरक म्हणजे गाळाची जाडी. वाटेच्या मध्यावर, दोन्ही कडांना आणि त्यांच्या मधे अशी आडव्या रेषेत पाच मापं पुरतात. तळापासून वनस्पती किती उंच आली आहे तेही लिहा, कारण गाळाचं काम वेगळं आणि कापणीचं वेगळं. दोन्ही एका वाक्यात कोंबले की कागद दोन विभागांत फिरत राहतो.

वेळही महत्त्वाची. वनस्पती उन्हाळ्यात वाढते, तक्रारी जुलै-ऑगस्टमध्ये येतात, आणि तोवर त्या हंगामाची कापणीयंत्रं कुठे जाणार हे ठरून गेलेलं असतं. यंदाच्या नोंदी ऑक्टोबरपर्यंत संघटनेकडे द्या, म्हणजे पुढच्या वर्षाच्या कामांत त्या धरता येतील. एकाच पट्ट्यावर चार वेगवेगळ्या बोटींनी अशी मापं दिली तर त्यांचं वजन चारशे सह्यांपेक्षा जास्त असतं.

इंजिनाबद्दल थोडं. पंख्यात वनस्पती गुंतली की बोट जड होते आणि इंजिनाचा आवाज खोल जातो. लगेच गती कमी करून दोन-तीन सेकंद मागे चालवा. ताजी गुंतवळ बहुतेक सुटते. सुटली नाही तर इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, मडवेट, म्हणजे नांगरासारखं तळाशी टाकायचं वजन, टाकून बोट स्थिर करा आणि मगच पंख्याला हात लावा. बाहेरून लावलेलं इंजिन वर उचलून साफ करा. ते पुन्हा सुरू झाल्यावर मागच्या छिद्रातून पाण्याची धार येते का ते बघा. धार नसेल तर पाणी ओढायची जाळी बहुधा तुंबली आहे. आतल्या डिझेल इंजिनाला आधी पाण्याची झडप बंद करा, मग गाळणीची टोपली काढून धुवा, आणि झडप पुन्हा उघडायला विसरू नका. तुमचं इंजिन तापलं ते पंख्यामुळे नव्हे, गाळणी तुंबल्यामुळे असण्याची शक्यता जास्त आहे.

प्रश्न (स्लाव): टोल कसा मोजतात? आमच्याइतक्याच लांब बोटीला कमी टोल लागतो.

उत्तर: लांबी गुणिले जास्तीत जास्त रुंदी असं क्षेत्रफळ धरतात. 7.5 मीटर लांब आणि 2.5 मीटर रुंद बोट 18.75 चौरस मीटरची. तेवढीच लांब पण 2.1 मीटर रुंद असेल तर 15.75. शिवाय इंजिन पेट्रोल-डिझेलचं, विजेचं की मुळीच नाही, यावर वर्ग बदलतो. जुनी बोट घेतली असेल तर आधीच्या मालकाने नोंदवलेली मापं टेपने पडताळा आणि चूक असल्यास लेखी दुरुस्ती मागा. टोलचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. नव्या दरांवर समितीत चर्चा होते ती शरद ऋतूत. फेब्रुवारीत पाठवलेल्या हरकतीचा उपयोग नाही.

प्रश्न (इप्सविच): आमच्या नेहमीच्या वळणावर एका जागामालकाने बोटी बांधण्यासाठी नवी जागा मागितली आहे. शिडाच्या बोटीला तिथे वळायला वाव राहणार नाही. हरकत कशी घ्यायची?

उत्तर: ब्रॉड्सच्या हद्दीत बांधकाम परवानगीही ब्रॉड्स प्राधिकरणच देतं. अर्ज त्यांच्या नियोजन विभागाच्या यादीत मिळेल. हरकतीला साधारण 21 दिवस असतात. नोटीस लागल्याची तारीख पाहून ठेवा.

पत्रात पहिल्याच ओळीत अर्जाचा क्रमांक आणि 'हरकत' हा शब्द. नंतर जागा. त्यानंतर थेट मापं, कारण पत्राचा जीव तिथेच असतो. समजा नदी तिथे 30 मीटर रुंद आहे. 11 मीटर लांब आणि 3.5 मीटर रुंद बोट काठाला समांतर बांधली तर पाण्यात 3.5 मीटरच येते. तीच बोट मागची बाजू काठाला लावून बांधली तर 11 मीटर आत येते. समोरच्या काठावरही तशाच बोटी असतील तर मधे 8 मीटर उरतात. वाऱ्याच्या विरुद्ध तिरक्या चालीने जाणाऱ्या शिडाच्या बोटीला एवढ्यात एक वळणही धड घेता येत नाही, आणि बोट प्रवाहाबरोबर बांधलेल्या बोटींवर जाते. अर्जाच्या नकाशात बोटी कशा बांधणार ते दाखवलेलं असतं, किंवा दाखवायचं टाळलेलं असतं. टाळलं असेल तर तेच लिहा. 'बोटी समांतरच बांधाव्यात' अशी अट घालण्याची मागणी हा बहुतेक वेळा सगळ्यात व्यवहार्य तोडगा असतो, आणि संपूर्ण नकारापेक्षा तो मान्य होण्याची शक्यता जास्त.

नंतर नौकानयनाच्या उद्दिष्टाचा आणि 2019 मध्ये मंजूर झालेल्या स्थानिक आराखड्यातल्या लागू धोरणाचा उल्लेख करा. नजारा बिघडेल, घराची किंमत उतरेल, अर्जदार आधीही असाच वागला होता, हे मुद्दे घालू नका. अधिकारी ते विचारात घेऊ शकत नाहीत आणि त्यांत तुमचा खरा मुद्दा बुडतो. एकाच मजकुराची पत्रं क्लबभर वाटू नका. ती एकच हरकत म्हणून वाचली जातात. एकाने मापं द्यावीत, दुसऱ्याने शर्यतींचं वेळापत्रक, तिसऱ्याने लहान मुलांच्या प्रशिक्षणाचा मार्ग.

प्रश्न (केंब्रिज): थर्नवर पाणी उतरतच नाही, पुलाखालून जाता येत नाही. शिवाय उन्हाळ्यात रेल्वेचा पूल उघडत नाही म्हणून परत फिरावं लागतं. प्राधिकरण काही करत नाही.

उत्तर: दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण दार चुकीचं ठोठावलं जातंय. पुराचं आणि पाण्याच्या पातळीचं व्यवस्थापन एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे आहे. नदीच्या खालच्या टप्प्यातला गाळ, समुद्राची पातळी, वारा आणि पाऊस यांपैकी कशाचा वाटा किती, हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. पत्रात निष्कर्ष मांडण्यापेक्षा पुलाखालच्या जागेच्या तारीखवार नोंदी द्या. रीडम आणि सॉमरलेटन इथले फिरते पूल नेटवर्क रेलचे. कडक उन्हात लोखंड प्रसरण पावतं, पूल अडकतो आणि उघडता येत नाही. अशा दिवशी सकाळच्या गारव्यात निघा, आणि डोलकाठी खाली घेता येत असेल तर ती तयारी ठेवा.

या संस्थांना लिहिताना 1988 च्या कायद्याचं 17अ कलम नमूद करा. ब्रॉड्समधल्या जमिनीवर परिणाम करणारं काम करताना सार्वजनिक संस्थांनी पूर्वी ब्रॉड्सची उद्दिष्टं फक्त विचारात घ्यायची होती. 2023 च्या कायद्याने ती पुढे नेण्याचा प्रयत्न करणं हे त्यांचं कर्तव्य झालं. त्या उद्दिष्टांत नौकानयनही आहे. प्रत प्राधिकरणाला आणि संघटनेला पाठवा.

प्रश्न (सातारा): आमच्या नात्यातल्या लोकांच्या शिवसागर जलाशयावर बोटी आहेत. इथे बोटवाल्यांना अशी समिती का नाही?

उत्तर: कारण आपल्याकडच्या कायद्यात नौकानयन हे संरक्षणाच्या बरोबरीचं उद्दिष्ट नाही. बामणोलीहून बोटीने वासोट्याला जाताना कोयना अभयारण्यात शिरायला वन खात्याची परवानगी लागते, आणि अभयारण्याचं नियंत्रण 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांकडे असतं. बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा हा वेगळा विषय. तो 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात येतो.

तरी एक वाट आहे. वन्यजीव कायद्याच्या 33ब कलमात अभयारण्यासाठी सल्लागार समितीची तरतूद आहे. तिच्यात त्या मतदारसंघातले आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन आणि वन्यजीव संरक्षणात काम करणारे तीन जण असावे लागतात. बोटवाल्यांची खुर्ची नाही, पण पंचायतीच्या तीन खुर्च्या आहेत. बोटमालकांनी आधी आपली संस्था नोंदवावी, ग्रामसभेत ठराव करून घ्यावा आणि तो पंचायतीच्या प्रतिनिधीमार्फत समितीपुढे ठेवावा. समिती नेमली आहे का, शेवटची बैठक कधी झाली आणि इतिवृत्त काय, हे माहितीच्या अधिकारात विचारा. ठरावात एका वेळी एकच मागणी घाला. उदाहरणार्थ, परवानगी देण्याची वेळ सकाळी लवकर करावी, म्हणजे बोटी दुपारच्या वाऱ्याआधी परततील. त्यासोबत कोणत्या महिन्यात किती वाजता वारा उठतो, त्या वेळी किती बोटी पाण्यावर असतात आणि प्रत्येक बोटीत किती जीवरक्षक जाकिटं आहेत, याची लेखी नोंद जोडा.